कोऱ्या पाण्याचे तेवीस आकडे

होळी, वसई
सोमवार, ६ जानेवारी २००३

प्रिय उन्नती,

अक्षर ओळखलं असशीलच. तुझ्या वहीत लाल शाईनं इतकं लिहून ठेवलंय मी, की विसरायची सोय नाही. पत्र फाडायचं असेल तर आधी वाच आणि मग फाड.

पत्ता हरेश्वरकडून घेतला. तू त्याला दर दिवाळीला कार्ड पाठवतेस हे मला आत्ता कळलं. प्रयोगशाळेत काचसामान धुणाऱ्या माणसाला कार्ड येतं आणि मार्गदर्शक बाईंना येत नाही, याचं मी वाईट वाटून घेणार नाही. तसा माझा हक्क राहिलेला नाही. वापीला औषधाच्या कंपनीत आहेस आणि खोकल्याच्या औषधाचा पीएच मोजतेस म्हणे. मीटर तोच, पाणी वेगळं.

मी पुढच्या वर्षी मे महिन्यात निवृत्त होतेय. कपाटं आवरायला घेतलीत. त्यात शुद्ध पाण्याची ती काचेच्या बुचाची बाटली सापडली आणि तुझ्या त्या प्रयोगांचा उलगडा झाला. तो तुला कळवावा म्हणून हे पत्र.

थोडी उजळणी करते. तुला गरज नाही, मला आहे. टोमॅटोचं पान अळीनं कुरतडलं की झाड अठरा कड्यांचं एक चिमुकलं पेप्टाइड सोडतं. तो निरोप असतो. पेशीच्या पातळ आवरणात पंप असतात, ते एरवी सारखे आम्ल बाहेर टाकत असतात. निरोप पोचला की पंप मंदावतात, बाहेरचं पाणी कमी आंबट होतं आणि मीटरवरचा आकडा चढतो. शेजारच्या फ्लास्कातही त्याच पेशी, पण त्यात पेप्टाइडऐवजी नुसतं शुद्ध पाणी टाकायचं. तिथला आकडा हलता कामा नये. त्याला आपण कोरा फ्लास्क म्हणायचो.

तुझा कोरा फ्लास्क हलला. तेवीस वेळा हलला, आणि प्रत्येक वेळी साधारण तेवढाच. तू म्हणालीस, "मॅडम, पाण्यातच काहीतरी आहे." मी म्हटलं, "पाण्यात नाही, तुझ्या हातात आहे." मला वाटलं, पहिल्यांदा तू चुकून कोऱ्या फ्लास्कात पेप्टाइड टाकलंस आणि ते झाकायला पुढचे बावीस आकडे घरी बसून लिहिलेस. इतके सारखे आकडे खरे नसतात, असं मी अनुदान समितीला कळवलं. पुढचं तुला माहीत आहे.

तर उलगडा असा. जानेवारी नव्याण्णवमध्ये पाण्याची जुनी बाटली फुटली तेव्हा मी घरून दुसरी आणली. माझी आई तिच्यात कोळंबीचं लोणचं घालायची. मी ती साबणानं धुतली, आम्लानं धुतली, उकळली. पण कोळंबीच्या कवचात जे द्रव्य असतं तेच बुरशीच्या अंगातही असतं. त्याचा कणभर अंश मिळाला तरी टोमॅटोच्या पेशीला वाटतं बुरशी आली, आणि तिचे पंप मंदावतात. शिवाय ती बाटली आपण कधी पूर्ण रिकामी केली नाही. अर्धी झाली की वर भरायची आणि तशीच पुन्हा उकळायची. ती पद्धतही माझीच.

म्हणजे तुझे आकडे खोटे नव्हते. चूक माणसाकडून होते, आणि तूही तेव्हा थोडं चढ्या आवाजात बोललीस, हे तुला आठवत असेल. झालं गेलं गंगेला मिळालं असं मी म्हणणार नाही, पण तुला कळलेलं बरं.

तुझी,
रोझलिन तुस्कानो


होळी, वसई
मंगळवार, २१ जानेवारी २००३

प्रिय उन्नती,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. मायना नाही, खाली सही नाही, मधे एकच ओळ: "बाटलीचं तुम्हाला कधी कळलं ते तारखेसह लिहा."

मीच शिकवलेलं आहे. तारखेशिवाय नोंद म्हणजे गप्पा, असं मी तुम्हाला म्हणायची.

मागच्या पत्रात मी लिहिलं की कपाट आवरताना बाटली सापडली. ते तितकंसं बरोबर नाही. बाटली कपाटात होती हे मला माहीत होतं, कारण ती मीच तिथं ठेवली होती. मागच्या रांगेत, जुन्या प्रश्नपत्रिकांच्या गठ्ठ्याआड. दोन-अडीच वर्षांपूर्वी मला थोडी शंका आली होती. पण शंका म्हणजे पुरावा नाही, आणि तू तोवर निघून गेली होतीस. तुझा पत्ताही माझ्याकडे नव्हता.

आता मात्र मी समितीला पत्र लिहिणार आहे. मसुदा करायला घेतलाय.

आई बरी आहे. ब्याऐंशी पूर्ण झाली. अजून विचारते, "माझी बाटली कॉलेजात काय करते?"

रोझलिन तुस्कानो


होळी, वसई
सोमवार, ३ फेब्रुवारी २००३

उन्नती,

"शंका नको. तारीख."

दोन शब्द आणि तारीख. तुझं कार्ड तीन दिवस बायबलमध्ये ठेवलं होतं. तिथंही ते गप्प बसलं नाही.

तारीख आहे मंगळवार, २७ जून २०००. वेळ सकाळी सव्वाअकरा.

तुला एप्रिलमध्ये काढलं. मे महिन्यात समितीला माझा अहवाल गेला. जूनमध्ये कॉलेज उघडल्यावर मी ठरवलं की आता हे काम मी स्वतः करून दाखवते. अंगात मस्ती होती, दुसरा शब्द नाही. पेशी वाढवल्या, मीटर नीट लावला, दोन फ्लास्क ठेवले. एकात पेप्टाइड टाकलं, दुसऱ्यात कोरं पाणी. आणि माझ्या डोळ्यांदेखत कोऱ्या फ्लास्कातला आकडा चढायला लागला. पाच पूर्णांक दोन होता तो दहा मिनिटांत पाच पूर्णांक आठ. तुझाच आकडा, उन्नती. तुझ्या वहीतल्या कुठल्याही पानावरचा.

हरेश्वर बेसिनपाशी पिपेट धूत होता. वळूनही न बघता म्हणाला, "मॅडम, ते पानी नका घेऊ. दुसऱ्या बाटलीतलं घ्या."

"का?"

"पावसाल्यात त्या बाटलीचं बूच काढलं की कोलंबीचा वास येतो. मी उन्नतीताईला बोललो होतो. ती बोलली, मॅडमना सांगते."

तू सांगितलं होतंस. "मॅडम, बाटली बदलून बघू या का?" असं तू मार्चमध्ये मला विचारलंस. मी काय उत्तर दिलं ते लिहायचं टाळत होते, पण लिहिते. मी म्हटलं, "नाचता येईना अंगण वाकडं." आणि सगळे हसले.

त्या दिवशी मी बूच काढून वास घेतला. होता. अगदी पुसट, पण मी होळीची आहे, त्या वासात वाढलेली आहे, मला चुकणार नाही. भौतिकशास्त्राच्या खोलीतून दुसऱ्या बाटलीतलं पाणी आणलं आणि नवा फ्लास्क लावला. पंधरा मिनिटं बघत उभी राहिले. आकडा जागचा हलला नाही. मग त्याच फ्लास्कात आईच्या बाटलीतले चार थेंब टाकले आणि आकडा चढला. यापेक्षा स्वच्छ पुरावा मी चोवीस वर्षांच्या नोकरीत पाहिला नाही. वहीत मात्र लिहिला नाही. बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवली आणि हरेश्वरला म्हटलं, "हे कुठं बोलू नकोस."

तो म्हणाला, "मी कशाला बोलू? बोलायचं ते तुमी." त्यानंतर तो माझ्याशी कामापुरतंच बोलतो. मला तेव्हा वाटलं, म्हातारपणानं कुरकुरा झालाय.

बाटली घरून नेताना आईनंसुद्धा सांगितलं होतं. "तिच्या काचंला पन कोलंबी लागलीय गो. वास जायचा नाय." मी हसले होते. मी पीएच.डी., ती चौथी पास.

गप्प का राहिले, हे तू विचारलेलं नाहीस. मी सांगते, कारण ते खोटं बोलण्याहूनही लाजिरवाणं आहे. समितीची भीती होती, विभागप्रमुखपद त्याच महिन्यात मिळणार होतं, हे सगळं खरं. पण खरं कारण त्याहून लहान आहे. मी एकोणऐंशी साली कॉलेजात लागले. पहिल्याच आठवड्यात डब्यात सुकटीची चटणी नेली. स्टाफरूममध्ये डबा उघडला तेव्हा एक बाई उठल्या आणि त्यांनी खिडकी उघडली. नुसती खिडकी उघडली. त्या दिवसापासून आजवर मी बटाट्याची भाजी नेते, नाहीतर घेवडा. वाडीवर माझे वडील, बॅप्टिस्ट, खताला सुक्या मासळीचा कुटा घालायचे, तर कॉलेजला निघण्याआधी मी दोनदा आंघोळ करायची. अशी मी, आणि त्याच खोलीत उभं राहून सांगायचं, की माझ्या घरच्या कोळंबीच्या लोणच्यानं दीड वर्षाचं काम नासलं. ते हसले असते. बस्स, एवढंच. लोक हसतील म्हणून मी तुझं आयुष्य त्या कपाटात गुंडाळून ठेवलं.

चव्वेचाळीस मुलांना मी प्रामाणिकपणावर व्याख्यान देते. दरवर्षी, जूनच्या तिसऱ्या आठवड्यात.

समितीला पत्र गेलं आहे. प्रत सोबत जोडते. त्यात कोळंबी हा शब्द आहे, लोणचं हा शब्द आहे आणि २७ जून ही तारीखही आहे.

रोझलिन


होळी, वसई
सोमवार, १७ फेब्रुवारी २००३

उन्नती,

कार्ड मिळालं. या वेळी तू प्रश्न विचारलेला नाहीस. "बाबा तुमच्या घरी गुरुपौर्णिमेला आले होते. त्या वर्षी ती १६ जुलैला होती. म्हणजे एकोणीस दिवसांनी."

हो, एकोणीस दिवसांनी.

तू हे कधीतरी मोजशील हे मला पहिल्या पत्रापासून माहीत होतं. म्हणून तर तारीख द्यायला इतके आढेवेढे घेतले. वजाबाकी तुला मीच शिकवली नाही, एवढंच समाधान.

रविवार होता. मी चर्चमधून नुकतीच आले होते, पायांत अजून चपला होत्या. तुझे बाबा ओट्याखाली उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात नारळ आणि फुलपुडी. तुमच्या फुलपाड्याच्या घरून विरार स्टेशन, तिथून वसई आणि पुढं होळीपर्यंत रिक्षा, एवढं सगळं करून आले होते. मला म्हणाले, "मॅडम, आज गुरुपौर्णिमा. पोरीनं यायला हवं होतं. ती येत नाही म्हणून मी आलो. तिनं तुमचं नाव घालवलं. मोठ्या मनानं माफ करा."

आणि म्हणाले, "तिला मी सांगितलंय, मॅडमची माफी मागितल्याशिवाय मला तोंड दाखवू नकोस."

मला एकोणीस दिवस माहीत होतं. मी म्हटलं, "असू द्या, जयवंतराव. लहान आहे ती."

लहान आहे ती. हे वाक्य मी रोज ऐकते. फादरांसमोर गुडघे टेकून हे पाप कबूलही केलं, गेल्या वर्षी. ते सोपं असतं, जाळीपलीकडचा माणूस आपल्याला दिसत नाही. त्यांनी सांगितलं, ज्याचं नुकसान केलं त्याच्याकडे जा. मी म्हटलं, हो फादर. आणि घरी येऊन आईला कालवण वाढलं.

तू माफी मागितली नाहीस आणि घरीही गेली नाहीस. ऋतिकाच्या लग्नालाही तू नव्हतीस, हे हरेश्वरकडून कळलं. सख्ख्या बहिणीच्या लग्नाला. मला वाटायचं, पोरगी हट्टी आहे. हट्टी नव्हतीस, खरी होतीस.

मी फुलपाड्याला जाणार आहे. तुझी परवानगी मागत नाही; नाही म्हणालीस तर मला सुटल्यासारखं वाटेल, आणि तेच मला नकोय.

रोझलिन


होळी, वसई
रविवार, २ मार्च २००३

प्रिय उन्नती,

काल जाऊन आले. जे जसं झालं तसं लिहिते. यातलं काही गाळलं तर तुझे बाबा तुला सांगतीलच.

आदल्या दिवशी, शुक्रवारी, आधी स्टाफरूममध्ये सांगितलं. उभं राहून, सगळ्यांसमोर. हसले. दोघं-तिघं अगदी तोंडाला रुमाल लावून हसले. एक जण म्हणाला, "तुस्कानो मॅडम, रेसिपी द्या." मग सगळे डबे खायला लागले. तेवढंच. ज्याला घाबरून मी पावणेतीन वर्षं काढली ते साडेतीन मिनिटांत संपलं. मला वाटलं होतं, त्यानंतर हलकं वाटेल. वाटलं नाही.

काल सकाळी तुझी वही पिशवीत घातली. हो, ती माझ्याकडेच होती. समितीनं मागवली आहे असं मी तुला सांगितलं होतं, तेही खरं नव्हतं. आणि बाटली घेतली.

तुझ्या इमारतीच्या खाली तुझे बाबा पंपाच्या खोलीपाशी उभे होते. सोसायटीचा पंप अजून तेच चालू-बंद करतात. मला पाहिलं आणि लगबगीनं पुढं आले. "या, मॅडम, या. तुम्ही कशाला त्रास घेतलात? निरोप दिला असता तर मी आलो असतो." तीन मजले चढेपर्यंत ते माझी पिशवी मागत राहिले. मी दिली नाही.

तुझ्या आईनं, मीराताईंनी, दार उघडलं. त्या मात्र "या" म्हणाल्या नाहीत. बाजूला झाल्या फक्त.

मी खुर्चीवर बसले आणि सगळं सांगितलं. बाटली टेबलावर ठेवली. पेशी, पंप, कोरं पाणी, कोळंबी, २७ जून, १६ जुलै, सगळं. मधे थांबले नाही, कारण थांबले असते तर मी काहीतरी गोड बोलले असते. तुझे बाबा ऐकत होते. चाळीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळलेला माणूस; कागद पुरता वाचल्याशिवाय मान हलवत नाही. माझं संपल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"म्हणजे कोऱ्या पाण्याचा आकडा वाढला, हे खरंच वाढला होता?"

"हो."

"तिनं जेवढा लिहिला तेवढाच?"

"तेवढाच."

मीराताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "मी तेव्हाच सांगत होते ह्यांना. शाळा बुडवायला पोरं अंगात ताप आणतात. आमच्या उन्नतीनं थर्मामीटरचा आकडासुद्धा कधी वाढवून सांगितला नाही. पण आईचं कोण ऐकतंय? बाईंचा शब्द ना तो."

खाली टाकी भरून वाहायला लागली, कोणीतरी तुझ्या बाबांच्या नावानं हाक मारली, तरी ते उठले नाहीत. त्या घरात मला पाणी कोणी विचारलं नाही. मीही मागितलं नाही.

मग ते म्हणाले, "मॅडम, त्या दिवशी मी तुमच्या पाया पडलो होतो."

हे मी तुला मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं. सगळं लिहिलं, नारळ लिहिला, शर्टाची इस्त्री लिहिली, आणि हे गाळलं. ते ओट्यावर आले, वाकले आणि माझ्या पायांना हात लावून नमस्कार केला. वयानं माझ्याहून चार वर्षांनी मोठा माणूस.

"हो," मी म्हटलं.

"तुम्ही पाय मागं घेतले नाहीत."

उन्नती, ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी ते नोंद वाचून दाखवावी तसं सांगितलं. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. ती बाटली समोर होती, तिच्याकडेच बघत राहिले. मी म्हटलं, "मला माफ करा." ते म्हणाले, "ती माफी तिच्याकडे मागा. मलाही माझी तिच्याकडेच मागायचीय. तुम्ही मला आज सांगितलंत. पण माझ्या पोरीनं मला तेव्हाच सांगितलं होतं."

मग त्यांनी वही मागितली. चष्मा पुसला, वही उघडली आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले. यातलं त्यांना काय कळत होतं कुणास ठाऊक, पण प्रत्येक आकड्यावरून बोट फिरवत होते. तुझी निळी शाई, त्यावर माझी लाल. जिथं जिथं कोऱ्या पाण्याचा आकडा आहे तिथं तिथं मी 'अशक्य' असं लिहून खाली सही केलेली. तेवीस पानं. त्यांनी एकेक मोजली. मग खिशातलं पेन काढून माझ्यासमोर ठेवलं.

"इथं लिहा," म्हणाले. "प्रत्येक पानावर."

मी लिहिलं: "आकडा बरोबर आहे. बाटली सदोष होती. बाटली माझी." खाली सही केली. आणि खरं सांगते, नजर आपोआप वर गेली. वर तुझी तारीख होती, नोव्हेंबर नव्याण्णवची, तीच मी खाली उतरवायला लागले. तपासलेल्या वहीवर तशीच घालायची सवय मला. तुझ्या बाबांनी पानावर हात ठेवला.

"मागची तारीख नको, मॅडम. आजची घाला. उशीर किती झाला ते दिसू दे."

तेवीस वेळा १ मार्च २००३ लिहिलं. नवव्या-दहाव्या पानाला बोटं आखडली. ते मी लिहीपर्यंत थांबायचे आणि मग पान उलटायचे. शेवटचं पान झाल्यावर त्यांनी सगळ्या सह्या पुन्हा एकदा तपासल्या. एका ठिकाणी महिना नीट उमटला नव्हता, तो माझ्याकडून गिरवून घेतला.

मीराताईंनी तुझा पत्ता तांदळाच्या डब्यातून काढून आणला. कंपनीच्या वसाहतीचा, खोलीचा नंबर, सगळा. तीन वर्षं तिथंच होता. तुझे बाबा म्हणाले, "मला का नाही दिलास?" त्या म्हणाल्या, "तुम्ही मागितलात कधी?"

येत्या रविवारी, नऊ तारखेला, दोघं सकाळच्या गाडीनं वापीला येताहेत. वही तेच आणताहेत. मी पोस्टानं पाठवते म्हटलं तर नको म्हणाले. बाटली मी परत आणली. आईनं बूच काढलं, वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. या वर्षी ती पुन्हा लोणचं घालणार आहे, आणि मी ते कॉलेजात नेणार आहे.

माझ्यासाठी मी काही मागत नाही. या पत्राला कार्डही पाठवू नकोस. आता तुझ्याकडे सगळ्या तारखा आहेत. एकच सांगायचं होतं. मी निघताना तुझे बाबा दारापर्यंत आले आणि म्हणाले, "मी तिच्या पाया पडेन." मीराताई म्हणाल्या, "लेकीच्या पाया पडतात का कधी?" ते म्हणाले, "भलत्याच्या पडलो, ते चाललं?"

ते पडतील, उन्नती. मी त्यांना ओळखते. दार उघडशील का, वही घेशील का, ते तुझं तू ठरव. पण ते वाकायला लागले, तर तू पाय मागं घे.

रोझलिन तुस्कानो